चौथ्या गल्लीतलं वळण

काकांना एक खरं नाव होतं, पण ते ओळखपत्राच्या बाहेर फारसं पडलं नाही. सगळीकडे ते ‘परत-एकदा काका’ म्हणूनच ओळखले जायचे. दाराला कुलूप लावून चार पावलं गेले की मागे यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. चहात साखर घातली का, असं काकूंना विचारायचे आणि काकूंनी हो म्हटलं की चमचाभर चाखायचे. लग्नाची मागणीसुद्धा त्यांनी दोनदा घातली होती. काकू ही गोष्ट येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. पहिल्यांदा हो म्हटलेलं यांना स्वच्छ ऐकू आलं होतं, पण खात्री करायला आठवड्याने परत आले. त्या आठवड्यात माझा विचार बदलला असता तर आज मी सुखात असते.

असल्या माणसाला जगात एकच नोकरी शोभते आणि ती काकांना पन्नाशीच्या जरा अलीकडे सापडली. काही वस्त्या कुठल्याच नकाशावर नसतात. माणसं राहतात, मुलं शाळेत जातात, पण कागदावर तिथे नुसती पांढरी जागा. मग तिथलेच लोक एकत्र येऊन आपला नकाशा आपण काढतात. घरं मोजतात, मोबाईल हातात धरून गल्ल्या चालतात. चालणाऱ्याच्या पावलांची रेघ मोबाईल आपोआप टिपत जातो. एक छोटी संस्था त्यांना मदत करायची, आणि निघालेला नकाशा खरा की खोटा हे बघायचं काम काकांचं.

काकांचं म्हणणं असं की नकाशा बिघडतो तो काढताना नाही, त्याच्या आधीच. म्हणून पहिल्या बैठकीत ते कुणाला पेन्सिलीला हात लावू द्यायचे नाहीत. आधी ठरवायचं. कोण कुठली गल्ली चालणार, दर महिन्याला काय काय तपासणार, आणि शेवटी नकाशा पास म्हणायचा तर चूक किती चालवून घेणार. “चूक किती चालेल त्याचं माप आधी ठरवा. नंतर ठरवायला बसलात तर आपल्याच चुकीच्या अंगाला बसेल असा नियम शिवाल,” असं ते सांगायचे. लोक जांभया द्यायचे, पण ठरवायचे. असे अठरा नकाशे काकांच्या हाताखालून गेले. त्यातले चार त्यांनी नापास केले होते, आणि त्या चार वस्त्यांत त्यांना आजही कुणी चहा विचारत नाही.

एकोणिसावा नकाशा बंद पडलेल्या काच कारखान्यामागच्या वस्तीचा. उतारावर चढत गेलेली दोनशे बारा घरं, आणि पाण्याचा टँकर थांबायचा तो पार खाली, रस्त्यावर. तिथून बायका कॅन घेऊन वर चढायच्या. गावच्या पाणी खात्याने नळ द्यायच्या वस्त्यांची यादी करायला घेतली होती. ज्या वस्तीचा तपासलेला नकाशा येईल तिचं नाव यादीत, बाकीच्यांनी पुढच्या यादीची वाट बघायची. पुढची यादी पाच वर्षांनी.

वस्तीच्या बाजूने हे सगळं अंगावर घेतलं होतं शिवणताईने. दारात शिलाई मशीन मांडून बसणारी बाई. नकाशा चालणारे अकराजण तिने गोळा केले होते, आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांचे कपडे वेळेवर देणार नाही अशी धमकी देऊन. चढताना तिचा उजवा गुडघा कटकट वाजायचा. “कॅन घेऊन अजून पाच वर्षं हा चालणार नाही, मी त्याला विचारलंय,” असं ती सांगायची. पहिल्या बैठकीत चूक किती चालेल असं काकांनी विचारलं तेव्हा बाकीचे दोन मीटर म्हणत होते. शिवणताई एकावर अडून बसली. याआधी कुणीतरी साहेब गाडीत बसूनच नकाशा काढून गेला होता आणि त्यात तिचं घर नाल्यात दाखवलं होतं. सहा महिने स्वप्नात बेडूक यायचे, म्हणाली. मग ठरलं. कागदावरची गल्ली आणि चालून आलेली रेघ यांत एका मीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही. हात वर करून सगळ्यांनी मान्य केलं.

दीड वर्ष काम चाललं. काका दर महिन्याला जायचे, घरं तपासायचे, चुका काढायचे, परत एकदा मोजा म्हणायचे. गल्ल्यांची तपासणी त्यांनी स्वतःच शेवटच्या आठवड्यावर ठेवली होती. घरं अवघड, गल्ल्या सोप्या, असा त्यांचा हिशोब.

शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी काका संस्थेच्या ऑफिसात संगणकासमोर बसले. अकराजणांच्या सगळ्या रेघा त्यांनी एकावर एक टाकल्या. पहिली गल्ली जुळली, दुसरी जुळली, तिसरी जुळली. चौथी म्हणजे मुख्य गल्ली, जिच्यातून मोठा नळ वर जाणार होता. कागदावर ती पिठाच्या गिरणीजवळच्या विजेच्या खांबापासून किराणा दुकानाजवळच्या खांबापर्यंत पट्टी ठेवून मारलेली होती. आणि चाललेल्या रेघा निम्म्या वाटेपर्यंत सरळ येऊन एकदम डावीकडे वळत होत्या. अडीच मीटर बाहेर जाऊन, काहीतरी ओलांडल्यासारख्या परत मधोमध येत होत्या. एखाद-दुसरी नाही. सगळ्या. अकराजण, दीड वर्ष, साडेतीनशे फेऱ्या. आणि त्या सगळ्या रेघांच्या मधे एक कोरा चौकोन उरला होता. एका खोलीएवढा.

काकांना आधी राग आला. पट्टीने रस्ता काढणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता. दुपारी ते वस्तीत जाऊन शिवणताईसमोर उभे राहिले. तिने तोंडातला दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, काका, ती गल्ली नाकासमोर सरळ आहे, पट्टी नाही तर काय वाटी ठेवून काढायची? मग मधे काय आहे, असं काकांनी विचारलं. काही नाही, म्हणाली. आणि खरंच काही नव्हतं. काकांनी गिरणीच्या खांबाजवळून पाहिलं. मोकळी, सपाट मातीची गल्ली, दुसऱ्या टोकाला किराणा दुकान, दुकानाच्या पायरीवर दुकानदार. गल्लीवर इकडून तिकडे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. मधल्या त्या टप्प्यावर एकही नव्हती.

“चालून दाखवा,” काका म्हणाले.

शिवणताई चालली. काका खांबाला टेकून बघत होते. ती बोलत बोलत निघाली, गिरणीवाल्याच्या बायकोला ब्लाउज झाला नाही म्हणून सांगत निघाली, आणि निम्म्यात आल्यावर वाक्य न तोडता डावीकडे वळली. भिंतीला जवळजवळ खांदा घासत चार पावलं गेली, मग परत मधोमध आली आणि दुकानापाशी जाऊन थांबली. झालं समाधान, असं तिने तिथून विचारलं. काकांनी गिरणीवाल्याला विचारलं, कशी गेली? तो म्हणाला, कशी म्हणजे, सरळ.

मग काकांनी गिरणीवाल्याला चालवलं आणि शिवणताईला बघायला लावलं. गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला, धिप्पाड माणूस, वळताना भिंतीला त्याचा पांढरा डाग लागला. त्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला असे कितीतरी जुने डाग होते. सरळ गेला ना, असं शिवणताई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. काकांना कुणी बनवत असतं तर ते बरं झालं असतं. शेवटी ते स्वतः निघाले. नजर समोरच्या खांबावर रोखलेली, एकही पाऊल इकडचं तिकडे नाही, सैनिक लाजेल अशी चाल. दुकानाशी पोचून त्यांनी मोबाईल बघितला. त्यांची रेघ डावीकडे वळली होती. आणि त्यांच्या डाव्या खांद्याला चुना लागला होता.

तुमची चाल बघून आमचीही बिघडायची, असं म्हणून शिवणताई हसली. काका हसले नाहीत.

मंगळवारी ते सुतळी घेऊन आले. दोन खांबांमधे कमरेइतक्या उंचीवर ती ताणून बांधली, तिला गवंडी लावतात तसली निळी पूड चोळली आणि अकराही जणांना सुतळी मुठीत धरून चालायला लावलं. सुतळी सोडायची नाही, अशी ताकीद दिली. सगळे गेले, सगळ्यांच्या मुठी निळ्या झाल्या, आणि सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की सुतळी सोडली नाही. काका सुतळीजवळ गेले. दोन्ही टोकांकडची पूड पार पुसली गेली होती. मधल्या दहा-बारा फुटांत ती जशीच्या तशी होती. जवळून बघावं म्हणून काका पुढे झाले तर त्यांना ती नीट दिसेना. आपण भिंतीकडून बघतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

त्यांनी दुकानदाराला गाठलं. वस्तीतला तो सगळ्यात जुना. त्याचा बाप इथे आला तेव्हा उतारावर नुसती झुडपं होती. इथे विहीर होती का, झाड होतं, कुणाचं घर पडलं, कुणी गेलं, असं काकांनी आडून आडून, मग सरळच विचारलं. दुकानदाराने बराच विचार केला. “तिथे कधीच काही नव्हतं,” तो म्हणाला. “मी लहान होतो तेव्हापासून बघतोय. नाहीच काही.” काकांना वाटलं होतं की विहीर निघेल, प्रकरण मिटेल, खात्याच्या फॉर्मवर विहीर लिहू आणि मोकळे होऊ. ती वाट आता बंद झाली.

पण काका तपासणारे होते आणि यादीची मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत होती. त्यांनी स्वतःला समजावलं. वस्तीतली पोरं आयांच्या मागून चालायला शिकतात, आया सासवांच्या मागून, कुणीतरी कधीतरी चिखल टाळला असेल आणि वळसा पायात बसला असेल. मीही दीड वर्ष शिवणताईच्या मागूनच चालतोय. म्हणजे हवा असा माणूस, जो इथे कुणाच्याच मागून चाललेला नाही. रेघा आणि कागद जुळले नाहीत तर नियमाप्रमाणे नव्या माणसाला चालवायचं, त्याच्या तीन सरळ रेघा मिळाल्या की कागदावरची गल्ली पास. आणि कुणाच्याही मागून न चालणारं माणूस शोधायला काकांना लांब जायची गरज नव्हती.

बुधवारी सकाळी काकू आल्या. वाटेत त्यांनी काकांना पुरेसं ऐकवलं. तीस वर्षांत फिरायला म्हणून कुठे नेलं नाही, आणि नेलं ते या गल्लीत, तेही तपासायला. वस्तीतल्या बायकांनी पायऱ्यांवर गर्दी केली, वहिनी आल्या म्हणून. काकांनी मोबाईल काकूंच्या हातात दिला आणि एवढंच सांगितलं, या खांबापासून त्या खांबापर्यंत जायचं. का, असं काकूंनी विचारलं. जा तर खरं, काका म्हणाले.

काकू निघाल्या. पहिली वीस पावलं त्या बाजारात निघाल्यासारख्या ताडताड गेल्या. मग मंद झाल्या. डावीकडे वळल्या नाहीत. बरोबर मधोमध, मोकळ्या जागेत, त्यांनी मान खाली वाकवली, बुटक्या दारातून जाताना वाकवतात तेवढी, आणि एक पाऊल उंच उचलून पलीकडे टाकलं. आत गेल्यावर ताठ झाल्या. मग अंग चोरून आडव्या सरकल्या, खाट आणि भिंत यांच्यामधे जागा कमी असली की सरकतात तशा. तिथे उभ्या राहिल्या. कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी त्यांनी दोन-तीनदा मान हलवली. काका गिरणीच्या खांबाशी होते, हात खांबाला घट्ट. गल्ली इतकी गप्प झाली होती की काकूंचा दबका आवाज त्यांच्यापर्यंत पोचला.

“असू दे, असू दे. उठवू नका.”

मग त्या पुन्हा वाकल्या, पाऊल उचलून पलीकडे निघाल्या आणि ताडताड दुकानापाशी गेल्या.

काका धावत गेले, वळसा घालूनच. काय होतं तिथे, कोण बोललं, का थांबलीस, असं त्यांनी एका दमात विचारलं. काकूंनी त्यांच्याकडे, हा माणूस उन्हाने बिघडला की काय, अशा नजरेने पाहिलं. थांबले कुठे, सरळ तर आले, त्या म्हणाल्या. पायरीवरच्या बायकांना विचारलं तर त्या म्हणाल्या, वहिनी अगदी आमच्यासारख्याच गेल्या. मोबाईलमधली रेघ मात्र काठीसारखी सरळ होती. फक्त मधे एका ठिकाणी ती चार मिनिटं थांबली होती.

शिवणताईने रेघ बघितली आणि तिचा चेहरा उजळला. एक सरळ मिळाली, अजून दोनच हव्यात. ती काकूंचा हात धरूनच बसली. काकूही तयार होत्या. एवढी वाट तुडवत आलेच आहे तर दोनदा अजून चालते, त्यात काय मोठंसं. सगळे काकांकडे बघत होते. ज्यांच्या तोंडून परत एकदा याशिवाय दुसरं काही निघत नाही, त्यांना आज ते म्हणायची चालून संधी आली होती. दोन फेऱ्या, आणि पट्टीने काढलेली गल्ली पास. मोठा नळ सरळ रेषेत वर. त्यासाठी खोदायचं सरळ रेषेत, कमरेएवढं खोल.

“परत नको,” काका म्हणाले.

शिवणताईला वाटलं त्यांनी चेष्टा केली. मग तिला कळलं की नाही केली. तिने काकांना खूप सुनावलं, आणि तिचं काही चुकत नव्हतं. दीड वर्ष घरोघर हिंडले, म्हणाली. तुमच्या नियमाने मोजलं, तुमच्या नियमाने चाललो, आणि आता तुमच्याच नियमात बसतंय तर तुमचा पाय निघत नाही. खालून वर एकदा कॅन घेऊन चढा, मग सांगा परत नको. काका मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले की यादीत नाव घालतो, ते माझ्याकडे लागलं, पण कसं ते विचारू नका. तिने विचारलं नाही. मशीनचं पायडल जोरात मारायला लागली.

घरी जाताना काकू नेहमीसारख्या बोलत होत्या. त्यांचा आवाज जरा खाली आलाय, असं काकांना वाटलं. उन्हाने असेल. गुरुवारीही तो खालीच होता. भांडी घासताना त्या एक भांडं दुसऱ्याला लागू देत नव्हत्या. घसा दुखतोय का, असं काकांनी विचारलं तर नाही म्हणाल्या, का हो?

शुक्रवारी दुपारी साडेतीनला काका घरच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले. समोर काकू मटार सोलत होत्या. काकांनी चौथ्या गल्लीवरची पट्टीची रेघ पुसली आणि लोक चालतात तसा वळसा काढला. आता चालणं आणि कागद जुळत होते, फरक शून्य. फॉर्मने विचारलं, रस्ता वळण्याचं कारण. खाली पर्याय होते, झाड, खांब, खड्डा, घर, इतर. इतर म्हटलं की फोटो मागतात. काकांकडे फोटो होता, मोकळ्या गल्लीचा. असला फोटो पाठवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. झाड खोटं होतं, खांब खोटा, खड्डा खोटा. काकांनी बराच वेळ बोट तसंच अधांतरी ठेवलं आणि मग ‘घर’वर दाबलं.

लगेच नवी ओळ उघडली. घर क्रमांक दोनशे तेरा. राहणारी माणसं किती.

काकांनी शून्य लिहिलं. ओळ लाल झाली. शून्य चालत नव्हतं. कंटाळा आला की लोक बंद दारावरून शून्य टाकून पुढे जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वी काकांनीच भांडून ती सोय बंद करून घेतली होती. आता एक लिहावं, तर का एक? न तपासलेला आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. घड्याळात पावणेचार झाले. दोनशे बारा घरांचं पाणी त्या एका रकान्यात अडकलं होतं.

“किती लिहू,” ते स्वतःशीच म्हणाले.

“दोन,” काकू म्हणाल्या. शेंग सोलता सोलता, वर न बघता. “आणि हळू बोला. एकाचा आत्ताच डोळा लागलाय.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी दोन लिहिलं, बटणाचा आवाज होऊ नये म्हणून बोट नुसतं टेकवून. ओळ हिरवी झाली. फॉर्म गेला, आणि दहा मिनिटांत खात्याचं उत्तर आलं, नकाशा स्वीकारला, वस्ती यादीत. टेबलाच्या पलीकडून मटार वाटीत पडत होते. त्यांचाही आवाज येत नव्हता, काकू एकेक दाणा तळाशी ठेवत होत्या.

पाचला शिवणताईचा फोन आला. मागे वस्तीचा कल्ला चालू होता, कुणीतरी ताट बडवत होतं. ती रडत होती की हसत होती ते कळेना. बुधवारचं बोलणं मनात ठेवू नका, म्हणाली, आणि नळ आला की पहिला तांब्या तुमचा. मग जरा थांबून तिने विचारलं, चौथी गल्ली शेवटी काढली तरी कशी?

तुम्ही चालता तशी काढली, काका म्हणाले.

“म्हणजे सरळच ना?”

काकांनी फोनवर हात धरला, आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, “हो. सरळच.”